अंबिकेच्या हातचं तूप

ढुंढिराजभट विषमज्वरातून उठले तेव्हा इतके हलके झाले होते की, त्यांना धरून पाटावर बसवताना अंबिकेला भार असा जाणवलाच नाही. चाळीस दिवस तापात काढलेला माणूस. गालांची हाडं वर आलेली, जानवं खांद्यावरून सारखं घसरायचं. तिने त्यांना मऊ भाताचे चार घास भरवले, प्रत्येक घासावर तूप घातलं आणि मनाशी ठरवून टाकलं, की या माणसाच्या अंगावरचं गेलेलं सगळं मांस परत आणायचं.

ही एकोणीसशे एकतीस सालची गोष्ट. काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्ल्यांमधून तेव्हा मराठी घरं दाटीने राहत होती, आणि त्या घरांमध्ये ढुंढिराजभटांना कोण ओळखत नव्हतं? ते घनपाठी. ऋचेतले शब्द पुढेमागे, उलटसुलट गुंफत, एकही स्वर न ढळता म्हणत जायचं, अशी ती विद्या. ती त्यांनी बारा वर्षं घासून मिळवली होती. त्यांचा आवाज जाड नव्हता, बारीकही नव्हता. पितळी घंटेला टोल दिल्यावर मागे जो नाद राहतो तसा होता. घरात दोघंच. एकुलती मुलगी बकुळ झाशीला दिलेली. त्यामुळे अंबिकेचं सगळं लक्ष नवऱ्याच्या ताटात.

तिच्या माहेरी तूप असे ते देवाच्या निरांजनापुरतं. जेवताना ज्याच्या पानात तूप पडतं त्याच्यावर घराची माया आहे, हे तिने लहानपणी दुसऱ्यांच्या घरच्या पंगती बघून शिकून ठेवलं होतं. आता ग्वाल्हेरच्या एका यजमानाने भटजी बरे झाले म्हणून दरमहा तुपाचा डबा पाठवायला सुरुवात केली, आणि तिच्या हाताला धरबंध राहिला नाही. सकाळी दुधात तूप. दुपारी वरणभातावर तूप, पोळीवर तूप, भाजीवर वरून तूप. तिसऱ्या प्रहरी शिरा, तोही असा की पळी काढली की कडेने तूप ओघळावं. संध्याकाळी दारात बेचू गवळी यायचा. तो तिला विचारायचासुद्धा नाही. "लो माई, पंडितजी की मलाई" म्हणत द्रोण पुढे करायचा. थंडीत ठठेरी बाजारातून मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई, यायची ते वेगळंच.

सहा महिन्यांत भटजी पहिल्यासारखे झाले. वर्षाने पहिल्यापेक्षा जास्त झाले. शेजारच्या शरदिनीबाई म्हणाल्या, "अंबिके, तुझ्या हाताला यश आहे हो." अंबिकेने ते वाक्य कितीतरी दिवस मनात घोळवलं, आणि पळी तशीच चालू ठेवली.

मग काय बिघडलं ते कुणाला नेमकं सांगता आलं नसतं. भटजींना थंडी वाजू लागली. काशीत फाल्गुन सरला की लोक अंगावरचं उपरणंसुद्धा काढून ठेवतात. हे मात्र शाल पांघरून बसायचे. संध्येला बसले की डोळा लागायचा. कातडी कोरडी पडली, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. केस विंचरायला घेतलेल्या कंगव्यात गुंताच्या गुंता यायचा. चालणं असं मंद झालं की पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढताना मागून आलेल्या म्हाताऱ्या बायका त्यांना ओलांडून पुढे जायच्या. आणि आवाज खाली बसला. घोगरा झाला, जीभ जड झाली, बोललेला शब्द ओल्या पोत्यातून ओढून काढल्यासारखा बाहेर यायचा.

"अशक्तपणा आहे," अंबिका म्हणाली, आणि दुधातलं तूप एका चमच्याने वाढवलं.

चैत्रात एका यजमानाच्या घरी वसंतपूजा होती. वैदिकांच्या दोन ओळी समोरासमोर बसल्या. ढुंढिराजभटांच्या जोडीला वेणीमाधवशास्त्री होते, तीस वर्षं त्यांच्याबरोबर म्हणत आलेले. बायका आतल्या दालनात, त्यांत अंबिका. पहिले दोन मंत्र गेले. तिसऱ्याला भटजींचा श्वास अर्ध्यात तुटला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. जीभ एका जोडाक्षरावर अडली आणि तिथेच राहिली.  मग वेणीमाधवशास्त्र्यांनी डोळे न उघडता, जणू तिथे त्यांनीच उचलायचं ठरलं होतं अशा सहजपणे, पुढचं पद उचललं.

 घरी उंबऱ्याच्या आत आल्यावर भटजी खांबाला टेकून म्हणाले, "संपलं. आता कुणाला शिकवायचं नाही, कुठे जायचं नाही. आवाज गेला."

"येईल परत."

"बावन्न वर्षांचा झालो. किती दिवस राहायचा तो?"

अंबिकेने त्यांच्या हाताला हात लावला. बाहेर झळा लागत होत्या, आणि तो हात ओल्या दगडासारखा गार होता. तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली.

तिने मंगळागौरीला सोळा मंगळवार बोलले. पहिल्याच मंगळवारी देवळाच्या पायरीवर शरदिनीबाई भेटल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "नीलकंठला का दाखवत नाहीस? लखनौहून डॉक्टरी शिकून आलाय. दशाश्वमेधाच्या रस्त्यावर बसतो."

 नीलकंठ हा भटजींचाच शिष्य होता. पोरका मुलगा, वार लावून जेवायचा. गुरुवार त्यांच्या घरी. घनाचा अभ्यास अर्धा झाला असताना तो एक दिवस इंग्रजी शाळेत नाव घालून मोकळा झाला. भटजी त्याला काही बोलले नव्हते. फक्त त्यानंतर त्याचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं, आणि त्याला आता बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने घरी गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि एकटी दवाखान्यात गेली. नीलकंठ तिला बघून खुर्चीवरून उठला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला आलात? निरोप धाडायचा, मी आलो असतो."

"तर मग चल," अंबिका म्हणाली.

तो बॅग घेऊन तसाच निघाला. वाटेत मात्र त्याची पावलं जड होत गेली. दारात तो थबकला. भटजी ओसरीवर शाल घेऊन बसले होते. त्यांनी वर पाहिलं. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ये. पाय धुऊन ये."

नीलकंठने डोळे पुसले ते अंबिकेने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्याने नाडी पाहिली, ती सावकाश होती. पापण्यांच्या कडा पाहिल्या, भुवयांची बाहेरची टोकं पाहिली. तिथले केस गेलेले होते. टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी हलकेच मारली. पाऊल उडालं, पण परत जागेवर यायला बराच वेळ लागला. शेवटी त्याने गळ्यावर बोटं ठेवली. "गुरुजी, घोट गिळा." भटजींनी गिळलं, तसा कंठाखाली एक लहानसा फुगवटा वर सरकून खाली आला. इतके दिवस तो उपरण्याखाली असायचा. अंबिकेला तो कधी दिसलाच नव्हता.

"जेवणात काय काय असतं, काकू?"

हा प्रश्न तिला फार आवडला. तिने पहाटेच्या दुधापासून सुरुवात केली आणि रात्रीच्या मलईपर्यंत, एकही वाटी न गाळता, सगळं सांगितलं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की नीलकंठ मान हलवायचा थांबला आहे.

तो म्हणाला, "इथे गळ्यात एक ग्रंथी असते. अंगातली शेगडी फुंकत ठेवायचं काम तिचं. ती मंदावली की माणूस गार पडतो, सुस्त होतो, आवाज बसतो. गुरुजींची ती मंदावली आहे."

"कशाने?"

"नक्की कशाने ते मला सांगता येत नाही. आपल्या मुलखाच्या पाण्यात आणि अन्नात आयोडीन नावाचं एक द्रव्य कमी असतं, त्याने होतं. पण आणखी एक आहे." तो थोडा अडखळला. "एका वैद्यकीय मासिकात मी वाचलंय. जनावरांना लोण्यातुपासारखं स्निग्ध अन्न फार चारलं, तर काहींची ही ग्रंथी सुजली. माणसांतही तसंच होतं का, हे अजून ठाम कुणी म्हणत नाही. मीही म्हणणार नाही. पण ज्याची शेगडी विझत आलीय त्याच्यावर इतकं तूप टाकून भलं होत नाही, एवढं मला कळतं."

अंबिका भिंतीला टेकली. "म्हणजे मी माझ्या हाताने यांना..."

"नाही, काकू. तापातून ते उठले ते तुमच्याच हाताने उठले. पुढे कधीतरी थांबायला हवं होतं, इतकंच. आणि ते तुम्हाला सांगायला कुणी नव्हतं."

मग औषधाचं निघालं. त्या ग्रंथीचीच पूड करून गोळ्या बनवतात, त्याने लवकर गुण येतो. पण ती ग्रंथी मेंढीची असते, हे नीलकंठने आधीच सांगून टाकलं. "तुम्हाला अंधारात ठेवून मी देणार नाही."

"नको," भटजी म्हणाले. रागाने नव्हे, नुसतंच.

"तर मग आयोडीनचे थेंब देतो. ते समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. तूप दुपारी भातावर एक चमचा, बाकी सगळं बंद. चार महिने बघू. फरक पडला नाही, तर गोळ्यांचं पुन्हा विचारीन, आणि तेव्हा भांडेन."

भटजींच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "भांडायचास तू लहानपणीही."

दुसऱ्या दिवशी अंबिकेने पान वाढलं. भात, साधं वरण, पडवळाची भाजी, एक चमचा तूप. वाढून झालं आणि ती उठून आत गेली. चुलीपुढे पाठमोरी बसून राहिली. पानाकडे तिला बघवेना. मायाच काढून घेतल्यासारखं ते पान दिसत होतं.

थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला. "अगं, इकडे ये."

"काय हवंय?"

"काही नको. ये."

ती दाराशी आली. भटजींनी एक घासही घेतला नव्हता.

"बस ना समोर."

"बसून काय करू? वाढायला आहे काय आता?"

भटजींनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एक सांगतो, रागावू नकोस. मला तूप आवडत नाही."

"काय?"

"पहिल्यापासूनच. लहानपणी आई पिठलं करायची, कोरडंठाक, आणि भाकरी. ते मला आवडतं. तूप घशाशी येतं माझ्या. मलई तर..." त्यांनी हात हलवला.

अंबिका बघतच राहिली. "लग्नाला सदतीस वर्षं झाली!"

"झाली."

"दोन वर्षं मी पळ्यांवर पळ्या ओततेय, आणि तुम्ही मुकाट गिळताय? तोंड नव्हतं तुम्हाला? जगाला वेद म्हणून दाखवता, आणि बायकोला 'पुरे' एवढं म्हणता आलं नाही?"

भटजी खाली मान घालून ऐकत होते. तिचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "तू तूप वाढायला यायचीस तेव्हा समोर बसायचीस. मी खाल्लं का ते बघत. नाहीतर दिवसभर तू आत असायचीस आणि मी बाहेर. पुरे म्हटलं असतं, तर उठून गेली असतीस."

 रागाने अंबिकेचे कान तापले होते आणि डोळ्यांना धार लागली होती. ती पाटासमोर मटकन बसली. "जेवा आता," म्हणाली. "मी बसलेय."

ते जेवले. तिने त्या दिवशी विचारून विचारून काढून घेतलं: सदतीस वर्षांत त्यांना आणखी काय काय आवडलं नव्हतं. कारल्याचं पंचामृत आवडत नव्हतं. नारळीभात आवडत होता, पण केशर नको होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात ती दोघं इतकं सलग कधीच बोलली नव्हती.

पण नुसत्या बोलण्याने आवाज कुठला यायला? ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. थेंब चालू होते, पथ्य चालू होतं, आणि भटजी तसेच घोगरे, तसेच मंद. नीलकंठ आठवड्याला येऊन नाडी बघायचा आणि "धीर धरा" म्हणायचा. गल्लीत कुजबुज सुरू झाली. ज्यांनी हाताला यश आहे म्हटलं होतं त्याच शरदिनीबाई एक दिवस म्हणाल्या, "घनपाठ्याला असं कोरडं वाढतेस? उतरले बघ किती. लोक काय म्हणतील?"

श्रावणातल्या सोमवारी अंबिकेचा धीर सुटला. उपास सोडायला भटजी पाटावर बसले होते. तिने फळीवरचा डबा काढला, तूप कढत केलं आणि पळी भरून घेऊन आली. डॉक्टर काय, कालचा मुलगा. त्याने मासिकात काहीतरी वाचलं, आणि आपण आपल्या माणसाचे हाल करतोय.

ती वाकली. भटजींनी भातावर आडवा हात धरला.

"घ्या हो. आजच्या दिवस."

"नको."

"मी सांगतेय म्हणून घ्या."

"तू सांगतेस म्हणूनच दोन वर्षं घेतलं." त्यांनी दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं आणि पळी हलकेच बाजूला केली.

अंबिका तशीच वाकलेली राहिली. मग तिने पळी खाली ठेवली आणि त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, गालाला लावला.

"काय झालं?" भटजी म्हणाले.

"ऊन आहे," ती म्हणाली. "अहो, हात ऊन आहे तुमचा."

भटजींनी स्वतःचा हात स्वतःच्या गळ्याला लावून पाहिला. बाहेर पावसाळी हवा होती, गंगा फुगून घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागलेली. त्या दिवशी सकाळी ते शाल न घेताच आंघोळीला गेले होते, आणि ते दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तिथून उतार पडत गेला. भाद्रपदात संध्येला डोळा लागायचा थांबला. चेहऱ्यावरची सूज ओसरून पूर्वीचं नाक वर आलं. आवाज सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात सावकाश आला; आधी सकाळचा थोडा वेळ, मग दुपारपर्यंत. वेणीमाधवशास्त्री रोज तिसऱ्या प्रहरी येऊन समोर बसायचे आणि दोघं मिळून ऋचांचा एकेक वर्ग म्हणायचे. एखाद्या पदावर भटजी अडले, तर शास्त्री थांबून राहायचे, उचलून घ्यायचे नाहीत. चैत्रात उचललं ते चौघांत लाज राखायला. इथे घाई नव्हती.

कार्तिकात पंचगंगेवर पहाटेचा पाठ होता. अंबिका बायकांमध्ये पायरीवर बसली, पदर घट्ट धरून. ढुंढिराजभटांनी सुरुवात केली. आवाज पूर्वीचा नव्हता. तो थोडा खाली उतरला होता, आणि पूर्वी जिथे ते एका श्वासात जायचे तिथे आता दोनदा थांबत होते. पण स्वर जागच्या जागी पडत होते. एकही ढळला नाही. पाठ संपला तेव्हा अंबिकेच्या मुठीतला पदर घामाने भिजला होता.

नीलकंठ मागे उभा होता. खाली येऊन त्याने गुरुजींना नमस्कार केला.

"काय रे," अंबिकेने त्याला विचारलं, "थेंबांनी बरं वाटलं, की तूप सोडल्याने?"

"खरं सांगू, काकू? मला माहीत नाही. दोन्ही एकाच वेळी केलं ना. अंदाज करू शकतो, पण छातीठोक सांगता येणार नाही."

"मला येतं," अंबिका म्हणाली. पण कोणतं, ते तिने सांगितलं नाही.

नीलकंठ हसला. "औषध चालूच ठेवायचं. आणि आता रोज चालायचं, गुरुजी. इथून दशाश्वमेधापर्यंत आणि परत. काकू, तुम्हीही. त्या दिवशी घरी गुडघ्याचं निमित्त केलं होतंत म्हणे, पण तो गुडघा खोटा नाही, मी तेव्हाच चालताना पाहिलाय."

अशी दुसऱ्या दिवसापासून दोघं निघाली. बालाजी घाटाच्या बायका आंघोळ करता करता थांबून बघायच्या: ढुंढिराजभट पुढे, आणि दोन पावलं मागे अंबिका. नवरा-बायकोने काही काम नसताना असं फिरायला जायचं, ही त्या आळीत नवलाई होती. पहिल्या दिवशी मणिकर्णिका ओलांडताना अंबिकेला दम लागला आणि ती एका पायरीवर बसली. भटजी चार पावलं पुढे गेले होते; त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि ते परत आले.

"चला तुम्ही," ती म्हणाली. "लोक बघताहेत."

"बघू देत."

ते तिच्या शेजारी, तिच्याच पायरीवर बसले. समोर एक नाव वाळूच्या काठाकडे निघाली होती. काही वेळ दोघं ती बघत राहिली.

"काय म्हणताय मघापासून मनात?" अंबिकेने विचारलं. त्यांचे ओठ हलत होते.

"काही नाही. एक जागा अजून नीट बसत नाही."

"मग मोठ्याने म्हणा. मला कुठे कळणार आहे चुकलं ते?"

भटजींनी घसा खाकरला आणि, वाटेने लोक जात-येत असताना, तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायला लागले.